कोंबडी खुडूक बसली की काय करायचं? पाण्यात बुडवायच्या आधी हे वाचा

"आत्ती, तांबडी आज पण उठंना झालीया. तीन दिवस झालं अंडं न्हाई."

"खुडूक बसली असंल. घाल पाण्यात चार बुचकळ्या, उठती का न्हाई बघ."

पश्चिम महाराष्ट्रात ज्या घरात चार-सहा गावठी कोंबड्या आहेत, तिथं सासू-सुनेत असा संवाद वर्षातून तीन-चार वेळा तरी होतोच. मग बादली येते, कोंबडी बुडवली जाते, ती पंख झटकत बाहेर येते आणि अर्ध्या तासात पुन्हा त्याच पाटीत जाऊन बसते. कुठं पायाला दोरी बांधतात, कुठं डालग्याखाली उपाशी कोंडतात. आणि काही ठिकाणी तर तिचंच एक पीस उपटून नाकपुड्यांतून आरपार घालतात.

आता हे सगळं मोबाईलवरही आलंय. 'खुडूक कोंबडी एका दिवसात बरी करा' असे व्हिडिओ धडाधड फॉरवर्ड होतात. लॉकडाऊननंतर गच्चीवर, फार्महाऊसवर कोंबड्या पाळायला लागलेली शहरी मंडळी ते बघून तसंच करतात.

पण मुळात खुडूक बसणं हा आजारच नाही, तर तो बरा कसा होणार? ती आळशीही झालेली नाही आणि रुसलेलीही नाही. घरात एखादा कोपऱ्यात गप्प बसला की आपण 'काय खुडूक कोंबडीसारखा बसलायस' म्हणतो, त्यामुळं हा गैरसमज पक्का झालाय एवढंच. खुडूक बसलेली कोंबडी खरं तर त्या वेळी तिच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम करत असते. ते काम आपल्याला हवंय की नकोय, हा निर्णय आपला. आणि तो पहिल्या दोन-तीन दिवसांत घ्यायचा असतो, कारण उशीर झाला की दोन्हीकडून नुकसान होतं.

आधी खात्री करा, ती खुडूकच आहे ना?

हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण इथं चूक झाली तर एक कोंबडी नाही, अख्खं खुराडं जाऊ शकतं.

खुडूक कोंबडी अंड्यांवर, किंवा अंडी नसली तरी रिकाम्या पाटीत, चपटी होऊन बसते. हात जवळ नेला की पिसं फुलवते, खुडखुड असा घशातला आवाज काढते आणि चोचही मारते. डोळे उघडे, नजर तीक्ष्ण. पोटाखाली हात घातला तर तिथली पिसं गळालेली असतात आणि उघडी कातडी चांगलीच गरम लागते. तुरा थोडा फिका पडतो, आक्रसतो. दिवसातून एकदा ती उठते, घाईघाईत दाणे टिपते, पाणी पिते, मोठी आणि भयंकर वासाची विष्ठा टाकते आणि पुन्हा जागेवर. ती विष्ठा बघून घाबरायचं कारण नाही. दिवसभराचं एकदम साठलेलं असतं.

आजारी कोंबडी याच्या उलट वागते. ती पाटीतच बसेल असं नाही, कुठंही कोपऱ्यात बसते. डोळे मिटलेले, पंख लोंबलेले, हात लावला तरी विरोध नाही. विष्ठा पातळ, हिरवट किंवा पांढरी. मान वाकडी होत असेल, तोंड उघडून श्वास घेत असेल तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत असू शकते. अशी कोंबडी 'खुडूक आहे, उठेल दोन दिवसांत' म्हणून तशीच ठेवली, तर बाकीच्यांनाही लागण होते. तिला लगेच वेगळं करायचं आणि जनावरांच्या दवाखान्यात विचारायचं.

आणखी एक शक्यता असते, अंडं अडकण्याची. कोंबडी पाटीत बसून सारखा जोर लावते, शेपटी खाली-वर करते, पोट टणक लागतं. हाही खुडूकपणा नाही, आणि इथंही वाट बघण्यात अर्थ नाही.

तिच्या शरीरात नेमकं काय चालू असतं?

कोंबडी ठरवून बसत नाही. पाटीत अंडी साठतात, त्यांचा स्पर्श पोटाच्या कातडीला होत राहतो, जागा अंधारी आणि आडोशाची असते, हवा उबदार असते. हे सगळे निरोप मेंदूकडे जातात. मेंदूतला हायपोथॅलॅमस नावाचा भाग एक रसायन सोडतो, त्यामुळं शेजारची पिट्युटरी ग्रंथी प्रोलॅक्टिन हे हार्मोन रक्तात सोडायला लागते. प्रोलॅक्टिन वाढलं की अंडी तयार करायला लावणारी हार्मोन्स खाली येतात, अंडाशय आक्रसतं आणि अंडी बंद होतात.

हो, प्रोलॅक्टिन म्हणजे तेच, जे बाईच्या अंगात दूध तयार करायला लावतं. कोंबडीला दूध नाही, पण पिल्लांसाठी बसून राहायची ओढ मात्र त्याच हार्मोनची. १९३५ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना प्रोलॅक्टिन टोचून त्यांना खुडूक बसवून दाखवलं होतं.

आता यातली मजा बघा. अंड्यांच्या स्पर्शानं प्रोलॅक्टिन वाढतं, प्रोलॅक्टिनमुळं ती बसून राहते आणि बसून राहिल्यानं स्पर्श चालूच राहतो. म्हणजे हे चक्र स्वतःच स्वतःला फिरवत राहतं. म्हणूनच अंडी काढून घेतली तरी काही कोंबड्या नुसत्या पेंढ्यावर, कधी दगडावरही बसून राहतात.

भूकही कमी होते. रानकोंबड्यांवरच्या एका प्रयोगात बसलेल्या कोंबडीच्या अगदी शेजारी खाणं ठेवलं, तरी ती फारसं खाईना, वजन घटतच गेलं. म्हणजे तिला खायला मिळत नाही असं नसतं. त्या काळात तिचं शरीरच कमी खायचं ठरवतं. निसर्गाच्या दृष्टीनं हे बरोबरच आहे, सारखं उठलं तर अंडी गार पडतील. पण हे २१ दिवसांसाठी ठीक. पाटीत उबवायला काहीच नसताना महिना-महिना बसून राहिली, तर ती नुसती वाळत जाते. अंगावर उवा-पिसवा वाढतात, कारण धुळीत लोळणंही बंद झालेलं असतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खुराड्यात अशी कोंबडी उष्माघातानं मेलेली सापडते, तेव्हा लोक रोगराईला दोष देतात.

गावठी कोंबडी अंडी कमी का देते?

खुडूकपणा समजला की या जुन्या प्रश्नाचंही उत्तर मिळतं.

पांढरी लेगहॉर्न कोंबडी वर्षाला २८०-३०० अंडी देते. गावठी देते साधारण ५० ते ६०. लोक म्हणतात, गावठी जातच कमी अंड्याची. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं उत्तर तिच्या कॅलेंडरमध्ये आहे.

गावठी कोंबडी साधारण तीन आठवडे अंडी देते, १२ ते १५ अंडी होतात. मग ती खुडूक बसते, तीन आठवडे. पिल्लं निघाली की ती त्यांना घेऊन फिरते, सात-आठ आठवडे. या काळात एकही अंडं नाही. तीन, तीन आणि आठ मिळून झाले १४ आठवडे. वर्षाचे ५२ आठवडे भागिले १४, म्हणजे वर्षात साडेतीन-पावणेचार फेऱ्या. गुणिले १२ ते १५. आला की नाही आकडा पन्नासच्या आसपास?

म्हणजे वर्षातले फक्त ११-१२ आठवडे ती अंड्यावर असते. उरलेला सगळा वेळ उबवण्यात आणि पिल्लं वाढवण्यात जातो. त्या वेळात ती रिकामी नसते, तुमचं पुढचं खुराडं तयार करत असते.

याच हिशोबात दोन वाटा दिसतात. अंडी हवी असतील तर खुडूक मोडायची. पहिल्या एक-दोन दिवसांत मोडली तर ती साधारण एक ते तीन आठवड्यांत पुन्हा अंड्यावर येते, म्हणजे ११ आठवड्यांची सुट्टी तीन आठवड्यांवर येते. पिल्लं हवी असतील तर तिला बसवायची, पण पिल्लं दोन-तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी करून स्वतः सांभाळायची. मग ती लवकर मोकळी होते. अर्थात हा कागदावरचा हिशोब. पिल्लं वेगळी केली की त्यांची ऊब, खाणं, मांजर-मुंगसापासून राखण, हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं. त्याची तयारी नसेल तर आईकडेच राहू द्यावीत. घार आल्यावर ती जशी पिल्लांना पंखाखाली ओढते, तसं आपल्याला काही जमणार नाही.

सगळ्यात वाईट तिसरी वाट, आणि बहुतेक घरांत तीच होते. बसवायचीही नाही, मोडायचीही नाही, रोज नुसतं पाटीतून उठवून बाहेर टाकायचं. यात अंडीही जातात, पिल्लंही नाहीत आणि कोंबडीही खंगते.

बसवायची असेल तर

पहिला प्रश्न, कोंबडा आहे का? हा प्रश्न विनोदी वाटेल, पण गच्चीवर चार कोंबड्या पाळणारे अनेकजण कोंबडा नसताना २१ दिवस वाट बघतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दुकानातली पोल्ट्रीची अंडी खाली ठेवून उपयोग नाही. तिथं पिंजऱ्यात कोंबडाच नसतो, त्यामुळं ती अंडी फलित नसतात.

दुसरा प्रश्न हंगामाचा. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ आपल्याकडे सगळ्यात चांगला. भर पावसात पिल्लं ओली होऊन गारठतात, रोगही वाढतात. आणि उन्हाळ्यात एक वेगळीच गोची होते, ती फार कमी लोकांना माहीत असते. अंड्यातल्या गर्भाची वाढ कोंबडी बसल्यावरच सुरू होते असं आपल्याला वाटतं. पण तापमान साधारण २१ ते २४ अंशांच्या वर गेलं की ती हळूहळू आपोआपच सुरू होते. मे महिन्यात विदर्भात किंवा मराठवाड्यात घरात ठेवलेलं अंडंसुद्धा चाळिशीच्या आसपास तापलेलं असतं. गर्भ अर्धवट वाढतो, रात्री गार झालं की थांबतो, पुन्हा वाढतो आणि शेवटी मरतो. मग १२ अंड्यांतून तीनच पिल्लं निघाली की 'नजर लागली' म्हणायचं.

म्हणून बसवायची अंडी आठवड्याच्या आतली घ्यावीत. माठाजवळच्या किंवा वाळूतल्या गार जागेत, टोकदार बाजू खाली करून ठेवावीत. फ्रीजमध्ये नको, धुवायची तर अजिबात नाही. अंड्याच्या कवचावर एक नैसर्गिक थर असतो, तो जंतूंना आत जाऊ देत नाही. धुतला की तोच जातो. फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी, तडकलेली अंडी बाजूला काढावीत.

गावठी कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरे. 'बसतात ना, ठेवा १८' असा लोभ केला तर कडेची अंडी गार पडतात. ती अंडी सारखी फिरवते, त्यामुळं आज कडेला असलेलं अंडं उद्या मध्ये आणि मधलं कडेला. म्हणजे नुकसान कडेच्या चारांचं नाही, सगळ्यांचंच थोडं थोडं होतं.

पाटीत खाली माती किंवा राख, वर भाताचा पेंढा किंवा वाळलेलं गवत आणि मधे थोडा खोलगटपणा, की अंडी घरंगळत नाहीत. जागा बदलायची असेल तर रात्री बदलावी. दिवसा हलवलेली कोंबडी पुन्हा जुन्या जागी पळते. आणि नवीन असेल, विशेषतः पहिल्यांदाच बसणारी तलंग असेल, तर लगेच चांगली अंडी देऊ नका. एक-दोन बिनकामाची अंडी ठेवून दोन दिवस बघा. टिकली, तर मग रात्री खरी अंडी सगळी एकदमच ठेवा. रोज एकेक वाढवत गेलं तर पिल्लं निघण्याचे दिवसही पुढं-मागं होतात. पहिली दोन पिल्लं निघाली की कोंबडी त्यांना घेऊन उठते आणि बाकीची अंडी तशीच मरतात.

अंड्यांवर पेन्सिलीनं किंवा कोळशानं खूण करायला विसरू नका. दुसऱ्या कोंबड्या याच पाटीत येऊन अंडं टाकतात. खूण नसलेलं दिसलं की काढून घ्यायचं.

सातव्या-आठव्या रात्री अंधारात मोबाईलचा टॉर्च लावून त्यावर अंड्याची रुंद बाजू धरायची. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ आहे. नितळ पिवळट दिसलं तर ते अंडं फलितच नव्हतं. लाल कडं दिसलं, पण शिरा नाहीत, तर गर्भ सुरू होऊन मेलाय. अशी अंडी काढून टाकावीत, नाहीतर सडून फुटतात आणि बाकीच्यांची वाट लावतात. हे एकदा करून बघाच. मुलांना दाखवलं तर पुस्तकातला धडा परत वाचावा लागत नाही.

खाणं-पाणी पाटीपासून चार पावलांवर ठेवावं, अगदी तोंडाशी नको. तिला उठून विष्ठा करायला, पाय मोकळे करायला निमित्त मिळतं. ती १५-२० मिनिटं उठली म्हणून अंडी वाया जात नाहीत. एखादी कोंबडी इतकी चिवट असते की दोन-दोन दिवस उठतच नाही. तिला दिवसातून एकदा हळूच उचलून खाली ठेवावं. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना, तेवढं बघा. शेजारी राख आणि कोरडी माती ठेवली तर ती त्यात लोळते आणि उवा कमी होतात.

विसाव्या दिवशी कान लावलात तर अंड्याच्या आतून चिवचिव ऐकू येते. त्यानंतर हात लावायचा नाही. 'बिचारं अडकलंय' म्हणून कवच सोलू नका. पिल्लू बाहेर यायला कित्येक तास घेतं, कारण त्या वेळात उरलेलं रक्त आणि बलक त्याच्या शरीरात ओढलं जात असतं. घाईत सोललं तर रक्त जाऊन ते मरतं. निघालेल्या पिल्लाला पहिला दिवसभर खाणं नसलं तरी चालतं, पोटात बलक असतं. पाणी मात्र उथळ ताटलीत ठेवा, खोल भांड्यात पिल्लं बुडतात. मग तांदळाची कणी, बारीक भरडा. आणि पाच-सात दिवसांनी मानमोडीची लस. गावठी कोंबडीला लस कशाला, असं म्हणणाऱ्यांचीच पिल्लं आधी जातात.

मोडायची असेल तर

वर सांगितलेलं चक्र आठवा. अंधार, ऊब, पोटाला स्पर्श. हे तिन्ही काढून घेतले की प्रोलॅक्टिन उतरायला लागतं. बस्स, सगळा उपाय एवढाच आहे.

लाकडी चौकटीला जाळी ठोकून किंवा जुना पिंजरा घेऊन तळालाही जाळीच असलेला खोका तयार करायचा. तो चार विटांवर उंच ठेवायचा, म्हणजे खालून वारा खेळेल. आत पेंढा, गोणपाट, काहीही मऊ नको. जागा उजेडाची हवी, पण थेट उन्हाची नको, आणि बाकीच्या कोंबड्या तिला दिसायला हव्यात. आत भरपूर पाणी आणि नेहमीचं खाणं. उपाशी ठेवायचं नाही, हे तीनदा वाचा. तिला पुन्हा अंडी द्यायचीत, त्यासाठी अंगात काहीतरी पाहिजे.

तीन-चार दिवस तिला तिथं ठेवायचं, रात्रीसुद्धा. मग सोडून बघायचं. बाकीच्यांबरोबर चरायला गेली तर झालं. धावत पाटीकडे गेली तर आणखी दोन दिवस आत. पहिल्याच दिवशी पकडलेली कोंबडी बहुतेकदा तीन दिवसांत मोडते. दोन आठवडे बसलेली असेल तर जास्त दिवस जातात.

पिंजरा करायचा नसेल तर निदान पाटीची जागा बंद करा, अंडी दिवसातून दोन-तीनदा उचला आणि रात्री तिला पाटीऐवजी दांडीवर बसवा. सौम्य खुडूक याच्यानंही उठते.

मुळात ती बसूच नये असं वाटत असेल, तर अंडी साठू देऊ नका. गावाकडे पाटीत एक अंडं नमुन्याला ठेवायची पद्धत आहे, म्हणजे कोंबडी दुसरीकडे अंडं घालायला जात नाही. एक ठेवायला हरकत नाही. दहा साठले की मात्र ते आमंत्रणच.

आता तो पाण्याचा उपाय. त्यामागचा विचार अगदीच खुळा नाही, पोट गार करणं हाच त्याचा हेतू. पण बुडवल्यानं पोट गार राहतं काही मिनिटं, आणि पाटीत परतली की पुन्हा गरम. म्हणून लोक दिवसातून तीन-तीनदा बुडवतात. थंडीत यामुळं कोंबडी गारठून आजारी पडते. घाबरलेल्या कोंबडीच्या नाकात पाणी गेलं तर ती जागीच मरू शकते. जाळीखालचा वारा तेच काम दिवसरात्र करतो, फुकट.

आणि नाकात पीस घालणं? त्या वेदनेनं ती पाटीतून उठते हे खरं, पण खाणंही सोडते, जखम होते, जंतू शिरतात. अंडी लवकर यावीत म्हणून केलेल्या उपायानं अंडी आणखी लांबतात. प्राण्यांना विनाकारण इजा करणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, हा भाग वेगळाच. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा व्यवहार तोट्याचाच आहे.

मग खुडूक न होणारीच जात का आणू नये?

आणता येते, आणि जगानं तेच केलंय. १९२० साली रेजिनाल्ड पनेट यांनी कोंबड्यांमधला खुडूकपणा पुढच्या पिढीत कसा उतरतो याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पनेट म्हणजे तेच, ज्यांच्या नावाचा चौकोन बारावीच्या जीवशास्त्रात काढावा लागतो. खुडूकपणा आनुवंशिक आहे हे कळल्यावर काम सोपं होतं. न बसणाऱ्या कोंबड्या निवडत जायच्या. लेगहॉर्नमध्ये ही ओढ जवळजवळ संपलीच. पिल्लं काढायला इनक्युबेटर होते, त्यामुळं कोंबडीला आई व्हायची गरजच उरली नाही.

परसातल्या कोंबडीपालनासाठी हैदराबादच्या केंद्र सरकारी कुक्कुट संशोधन संस्थेनं वनराज ही जात तयार केली. परसात ती वर्षाला १०० ते ११० अंडी देते, म्हणजे गावठीच्या दुप्पट. वजनही चांगलं. पण ती सहसा खुडूक बसत नाही, आणि तिची अंडी उबवली तरी पुढची पिढी तिच्यासारखी निघेलच असं नाही. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत आणायची. हॅचरी जवळ असेल, गाडी वेळेवर येत असेल, हातात पैसे असतील तर उत्तमच. यातलं एक जरी नसलं तर दीड-दोन वर्षांत खुराडं रिकामं.

कडकनाथचंही तसंच. त्या कोंबड्या स्वतः फारशा बसत नाहीत, त्यामुळं त्यांची अंडी बहुतेकदा दुसऱ्या गावठी कोंबडीखाली किंवा मशीनमध्ये ठेवावी लागतात. उलट असील कोंबडी जीव तोडून बसते आणि पिल्लांसाठी कुत्र्यावरही धावून जाते.

२०१९ च्या पशुगणनेत देशात परसातली कोंबडी-बदकं ३१ कोटी ७० लाखांच्या आसपास मोजली गेली. त्याआधीच्या गणनेपेक्षा ही वाढ तब्बल ४६ टक्क्यांची होती, त्याच वेळी मोठ्या पोल्ट्रींची वाढ होती साडेचार टक्के. या परसातल्या कोंबड्यांचा हिशोब बहुतेक घरांत बाईच्या हातात असतो. मुलाची वही, दवाखान्याची फी, आठवडी बाजारातला खर्च, हे त्याच अंड्यांतून निघतं. खुराड्यात सगळ्याच न बसणाऱ्या कोंबड्या आणल्या, तर तिच्या हातातलं बियाणंच जातं.

म्हणून अनेक जाणत्या बायका दोन्ही ठेवतात. अंड्यांसाठी चार सुधारित आणि उबवायला दोन गावठी. सुधारित कोंबड्यांची फलित अंडी गावठीखाली जातात. बदकाची अंडीही चालतात, फक्त तिथं २१ ऐवजी २८ दिवस लागतात आणि कोंबडीला आठवडाभर जास्त बसावं लागतं, तेव्हा तिच्या खाण्याकडे लक्ष ठेवायचं. पिल्लं पाण्यात शिरली की काठावर तिची जी तारांबळ उडते, ती बघवत नाही.

आणखी एक उपयोग. हॅचरीतून आणलेली एक-दोन दिवसांची पिल्लं सांभाळायला बल्ब लागतो, आणि रात्री लाईट गेली की सगळी एकावर एक चढून गुदमरतात. पण दोन-अडीच आठवडे बसलेली खुडूक कोंबडी घरात असेल, तर रात्री अंधारात तिच्या पोटाखालची अंडी काढून एकेक पिल्लू सरकवायचं. सकाळी तिला ती आपलीच वाटतात. सगळ्याच कोंबड्या स्वीकारत नाहीत, म्हणून पहाटे उजाडताना तिथं हजर राहायचं. टोच मारायला लागली तर पिल्लं लगेच काढून घ्यायची. स्वीकारली, तर लोडशेडिंगचं वेळापत्रक बघायची गरज नाही. बाहेरून आणलेली पिल्लं लस दिलेली आहेत ना, तेवढं मात्र आणतानाच विचारून घ्या.

कोणती कोंबडी बसवायची आणि कोणती मोडायची, हे ठरवायला एक साधी वही पुरते. कोण कधी बसली, किती अंडी ठेवली, किती पिल्लं निघाली, महिन्यानंतर किती उरली. १२ पैकी १० काढून आठ वाढवणारी तांबडी असेल, तर तिला बाजाराच्या दिवशी नेऊ नका, पाव्हणे आले तरी. जी दर वेळी दहाव्या दिवशी अंडी सोडून उठते, तिला पुढच्या वेळी पहिल्याच दिवशी जाळीत टाका.